मोईचं झाड आणि बाबांचा मान

"हे पाहा भाऊ, हे झाड खलास झालं. एक पान नाही राहिलं अंगावर. तुमच्या मधल्या लाकडाचं काम झालं म्हणा."

शेजारच्या ठोंबरेकाकांचा आवाज मुळातच मोठा होता आणि टेकडीवर तो आणखी मोठा होई. मी नेहमीसारखी त्यांच्या आणि बाबांच्या थोडी मागे चालत होते. वळणावर ते दोघे थांबले, म्हणून मीही थांबले. पायवाटेच्या वरच्या अंगाला, काळ्या दगडांच्या मधोमध ते मोईचं झाड उभं होतं. राखाडी, जाड बुंध्याचं आणि खरोखरच एकही पान नसलेलं. काकांनी हातातल्या काठीने बुंध्यावर ठोकलं. आतून पोकळ आवाज आला. "आतून बी पोकळ आहे. कापाले त्रास नाही अन् जळाले मस्त," ते म्हणाले. बाबांनी मान मागे टाकून झाड शेंड्यापर्यंत पाहिलं. मग दोन्ही हातांनी बुंधा कवेत घेऊन त्याची जाडी अजमावली, गांधीबागेतल्या कापडबाजारात ठाण उचलून ते वजन अजमावत तसं. "उंची चांगली आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरलं, ते मला आजही जसंच्या तसं दिसतं.

मी बुंध्याकडे पाहत नव्हते. दोन पुरुषांच्या उंचीवर, जिथे कधीकाळी एक मोठी फांदी मोडून पडली होती, तिथे झाडाला ढोली होती. ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं होतं आणि मधोमध एक उभी फट तेवढी ठेवलेली होती. काठीचा आवाज झाला तेव्हा त्या फटीत दिसणारं चोचीचं टोक आत सरकलं. ते मी पाहिलं. त्या झाडात धनेशाची मादी बसली होती. तिने स्वतःला आत कोंडून घेतलं होतं, अंडी घालण्यासाठी, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येणार नव्हती. हे त्या टेकडीवर मला एकटीला माहीत होतं. ते दोघे पुढे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे.

मधल्या लाकडाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाबांना झालेला आनंद कळणार नाही. आम्ही टेकडीखालच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. क्वार्टरची होळी मैदानात पेटे, आणि ती पेटवायचा मान दरवर्षी कुणातरी एकाला मिळे. ज्याला मान, त्याने होळीच्या मधोमध उभं राहणारं लाकूड आणायचं, अशी रीत होती. बाकीची लाकडं, गोवऱ्या सगळी मंडळी गोळा करत, पण मधलं लाकूड त्याचं. लाकूड जितकं उंच तितकी होळी उंच, आणि रस्त्यापलीकडच्या कॉलनीची होळी आपल्यापेक्षा उंच होऊ नये याची काळजी मोठमोठी माणसं महिनाभर आधीपासून करत. हा मान नेहमी वरच्या लाइनीतल्या, मोठ्या क्वार्टरमधल्या साहेबांकडे जाई. त्या वर्षी तो पहिल्यांदा आमच्या लाइनीत आला, बाबांकडे. बाबा हेडक्लार्क झाले होते. माझे आजोबा मागावर बसून लुगडी विणत, बाबांचं लहानपण मागाच्या खड्ड्याशेजारी गेलं, आणि आता वरच्या लाइनीतले लोक आमच्या दाराशी येऊन विचारत होते, "मग भाऊ, यंदा कोणतं लाकूड?" बाबा नुसते हसत आणि चहा ठेवायला सांगत.

आमच्या घरात सकाळ आवाजांनी व्हायची. आधी आईच्या चपलांचा आवाज. ती कामठीच्या शाळेत शिकवायची आणि उजाडायच्या आत बस धरायला निघून जाई. मग लांबून मिलचा भोंगा, मग नळाला पाणी आल्याची फुरफुर, आणि मग मोठी आई बादल्या सरकवू लागे. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यानंतर ती मुलांना घेऊन आमच्याकडे आली आणि तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तिच्या हाताखाली शेगडीचे कोळसे कधी धुमसले नाहीत. थंडी संपत आली की ती सांबारवडी करायची. बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो, आणि तो जुडीच्या जुडी चिरताना घरभर जो वास सुटे, त्याने मला अभ्यासातून उठून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावंसं वाटे. ती कणकेची नव्हे, बेसनाची पारी लाटायची, सारण भरून घडी घालायची आणि तळताना माझ्याकडे न पाहता पहिली वडी बशीत टाकायची. वडीबरोबर कढी. कधी संध्याकाळी बाबा गोळाभात मागत, बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात, वर मोहरीच्या फोडणीचं तेल. जेवताना कुणी बोललेलं बाबांना आवडायचं, आणि मोठी आई बोलायची. मी ऐकायची.

मी नन्सच्या शाळेत शिकले. बाबांनी हट्टाने घातलं होतं. शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला तर तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यात उभं राहावं लागे, आणि घरी इंग्रजी शब्द गेला की चुलत भाऊ दिवसभर त्याची नक्कल करत. दोन्हीकडे जपून बोलायची सवय लागली आणि जपून बोलता बोलता बोलणंच कमी झालं. कॉलेजात गेले तरी तसंच राहिलं. पाहुणे आले की बाबा मला बाहेर बोलावून इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावत. मी वाचायची; कारण वाचताना बोलावं लागत नाही. पाहुणे म्हणत, वा. मग मी आत जायची. ठोंबरेकाका एकदा बाबांना म्हणाले होते, "भाऊ, तुमची पोरगी मोठी साहेबीण होईन. साहेबासारखीच आहे, कोणाशी बोलत नाही." सगळे हसले. बाबाही हसले, पण माझ्याकडे न पाहता.

सकाळी टेकडीवर जायचं बाबांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू केलं आणि मला सोबत न्यायचं आईच्या. सेमिनरी हिलच्या मागच्या उतारावरून एक पायवाट फुटाळ्याच्या तलावाकडे जायची. आता तिथे बाकं आहेत, दिवे आहेत, लोक कानात गाणी घालून झपाझप चालतात. गेल्या वर्षी माझी भाची मला गाडीने वरपर्यंत घेऊन गेली तेव्हा मी ती पायवाट शोधत बसले, तर ती म्हणाली, आत्या, आपण तिच्यावरच उभ्या आहोत. तेव्हा तिथे मुरूम होता, काळे दगड होते, आणि गुरांनी पाडलेल्या वाटा होत्या. बाबा आणि ठोंबरेकाका तलावाच्या काठापर्यंत जाऊन येत. मला त्यांच्या गप्पांत रस नव्हता आणि त्यांना माझ्या चालण्याचा वेग परवडत नव्हता, म्हणून असं ठरलं की मी वळणावरच्या मोठ्या दगडावर बसायचं आणि परतताना त्यांनी मला घ्यायचं. बाबांना वाटे, पोरगी थकली. मी थकत नव्हते. त्या दगडावर बसून मी जे पाहिलं, तेवढं मला कुठल्याही वर्गात बसून पाहायला मिळालं नाही.

फाल्गुनात ती टेकडी करपून गेल्यासारखी दिसते, पण तिथली सगळी घाई तेव्हाच सुरू होते. पळस फुललेले असत आणि त्यांच्यावर मैनांची अशी भांडणं चालत की परागाने त्यांची कपाळं पिवळी झालेली असत. नाल्याच्या कापलेल्या काठावर वेडे राघू बिळं खणत. पायांनी माती मागे उडवताना काठावरून धुळीची बारीक कारंजी उडत. उताराच्या मुरुमावर एक टिटवी अंड्यांवर बसायची. अंडी चार, मुरुमाच्याच रंगाची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. कुणी जवळ आलं की टिटवी अंड्यांपासून गुपचूप चालत लांब जायची आणि तिथून आरडाओरडा सुरू करायची. लोक ती ओरडते तिथे शोधत. मी हे पाहून मनातल्या मनात हसायची आणि तिची जागा कुणाला सांगायची नाही. पाखरांची इंग्रजी नावं मला शाळेच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकातून मिळाली होती, मराठी नावं काही बाबांकडून, काही मोठ्या आईकडून. काहींची दोन्ही नावं ठाऊक नव्हती. त्याने काही बिघडत नव्हतं. मी त्यांना त्यांच्या सवयींवरून ओळखत होते.

धनेशाची जोडी मोईच्या झाडावर येऊ लागली तेव्हा थंडी पुरती गेली नव्हती. राखाडी रंग, लांब शेपूट, वाकडी जड चोच आणि तिच्यावर छोटंसं शिंग. नर उडत यायचा तो पंख फडफडवत, मग थोडा तरंगत, पुन्हा फडफडवत, एखादं जुनं वाहन चढावर यावं तसा. तो घारीसारखी बारीक शीळ घाली. मादी ढोलीच्या काठावर बसून आत डोकं घालून बघायची, बाहेर काढायची, पुन्हा घालायची. बरेच दिवस तिला ती खोली पसंत पडेना. मग एका सकाळी ती आत शिरली आणि बाहेर आलीच नाही. आतून तिने दार लिंपायला घेतलं, स्वतःच्या विष्ठेने आणि फळांच्या चोथ्याने, चोचीची बाजू गिलाव्याच्या थापीसारखी आपटत. शेवटी एक फट उरली. त्यानंतर नराचं काम सुरू झालं. पिंपळाची, वडाची फळं गिळून आणायची, बुंध्याला पंजे रोवून लटकायचं आणि एकेक फळ गळ्यातून वर काढून फटीतून आत द्यायचं. पुस्तकात लिहिलं होतं की आत बसल्यावर मादीची उडायची पिसं गळतात आणि नवी यायला वेळ लागतो. म्हणजे तिला बाहेर काढलं तरी तिला उडता येणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला कळली होती, ती पुस्तकात नव्हती. नर भित्रा होता. पायवाटेवर कुणी बोलत असेल तर तो येत नसे. समोरच्या उतारावरच्या पिंपळात, गळ्यात फळं धरून, तो नुसता बसून राही. माणसं दिसेनाशी झाली, आवाज विरला, की मग येई. मी दगडावर हलले नाही, तर माझ्या समोर येई. मला त्याचा अभिमान वाटे. एवढ्या मोठ्या शहरात त्या पाखराने माझ्यावर विश्वास टाकला होता असं मी समजत होते. आता मला कळतं की त्याने मला दगडात धरलं असेल. पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं आणि आता कळूनही फारसा फरक पडलेला नाही.

आणि झाड मेलेलं नव्हतं. मोई उन्हाळ्यात पानं टाकून उघडी होते. आदल्या वर्षीही ती अशीच उभी होती आणि पाऊस लागल्यावर तिला पालवी फुटलेली मी पाहिली होती. त्या वर्षीसुद्धा शेंड्यांच्या टोकांना बारीक फुलं आलेली होती, मान वर करून नीट पाहिलं तर दिसत. पण आमचे क्वार्टरवाले फाईलींतले लोक. त्यांना आंबा, निंब, पिंपळ ही झाडं माहीत, आणि ती अशी महिनोन्महिने भुंडी राहत नाहीत. पान नाही म्हणजे झाड मेलं, आणि मेलेलं झाड तोडायला काय हरकत, असा त्यांचा साधा हिशेब होता. जिवंत झाड होळीसाठी तोडायचं नाही हा नियम ठोंबरेकाकाही पाळत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मोठ्या आईजवळ जाऊन बसले. ती अंगणात शेणाच्या चाकोल्या थापत होती. होळीत टाकायच्या माळांसाठी या छोट्या चकत्या करतात, मधे बोटाने भोक पाडून. मी तिला सगळं सांगितलं. तिच्याशी मी बोलू शकत होते, कारण ती काम करताना तोंडाकडे पाहत नसे.

"आतून दार लावून घेतलं म्हणतं तू?" ती म्हणाली.

"हो."

"अन् खाते काय?"

"तो आणून देतो."

"रोज?"

"दिवसभर. पिल्लं मोठी होईपर्यंत."

मोठ्या आईने चकतीला बोटाने भोक पाडलं आणि दुसरी घेतली. "बरा आहे मग," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मले काहून सांगतं वं? मी थोडीच तोडून राहिली झाड. बापाले सांग."

"बाबांना किती आनंद झालाय, पाहिलंस ना."

"पाहिलं. म्हणूनच म्हटलं, तूच सांग. मी सांगितलं तर म्हणन, वहिनीले काय कळते."

मी सांगणार होते. जेवताना मी "बाबा, ते झाड" एवढं म्हटलंही. बाबांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "मस्त आहे नं बेटा? वरच्या लाइनीतल्या कोणी अजूनपर्यंत एवढं उंच नव्हतं आणलं. शिंदेसाहेब स्वतः येणार आहेत पाहाले." मी भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून येताना हिंगण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून कुऱ्हाड घेऊन आले, सायकलच्या दांडीला पोत्यात गुंडाळून. अंगणात बसून त्यांनी ती दगडावर घासली. बाबांच्या हातांना ते काम नवं होतं. पेन आणि त्याआधी मागावरचा धोटा, एवढंच त्या हातांना माहीत. ते घासत होते आणि मध्येच अंगठ्याने धार पाहत होते आणि गुणगुणत होते. मी खिडकीत उभी राहून पाहत होते. झाडाबद्दल बोलले तर बाबांना सगळ्यांसमोर दुसरं लाकूड शोधावं लागेल, आणि इतक्या थोड्या दिवसांत ते मिळणार नाही, हे मला कळत होतं. नाही बोलले तर काय होईल, हेही कळत होतं. सकाळी दगडावर बसले की नर यायचा, फळं द्यायचा, जायचा. फटीतून चोचीचं टोक यायचं.

होळीच्या दिवशी सकाळी माणसं निघाली तेव्हा ती फिरायला निघाल्यासारखी नव्हती, वरातीसारखी होती. आमच्या लाइनीतले सगळे होते. वरच्या लाइनीतले काही होते. खरंच शिंदेसाहेब होते, पांढऱ्या बुटांत. खाली हातगाडी उभी ठेवली होती, दोर होते. बाबांनी कडक इस्त्रीची पँट घातली होती, जी ते कचेरीतसुद्धा फक्त तपासणी असली की घालत. मी मागे चालले. मला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि नको येऊ असंही कुणी म्हटलं नाही.

झाडाजवळ पोचल्यावर जागा साफ करण्यावरून, कुठल्या बाजूने पाडायचं यावरून गलका सुरू झाला. मी समोरच्या पिंपळाकडे पाहिलं. तो तिथे होता. पानांत अर्धा दिसत होता, मान आखडून बसलेला, गळा फुगलेला. बाबांनी खिशातून हळदकुंकवाची पुडी काढली. ती मोठ्या आईने दिली होती. आमच्या घरात दसऱ्याला मागाला हळदकुंकू लावायची पद्धत होती, आणि माग गेला तरी बाबा हत्याराला हळदकुंकू लावल्याशिवाय हात लावत नसत. त्यांनी कुऱ्हाडीच्या पात्याला बोट लावलं, मग बुंध्याला लावलं, हात जोडले. ठोंबरेकाका म्हणाले, "चला भाऊ, मुहूर्त टळून राहिला. साहेबांचे बूट मळून राहिले." लोक हसले. बाबांनी कुऱ्हाड उचलली.

"बाबा," मी म्हटलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. मलाही नीट ऐकू आलं नसावं. मग मी चालत पुढे गेले. लोक बाजूला झाले, कारण त्यांना वाटलं मला काही द्यायचं आहे. मी बाबा आणि बुंधा यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. पाठीला साल लागत होती, खरखरीत आणि उन्हाने कोमट झालेली.

"नलू, बाजूले हो बेटा. लागन," बाबा म्हणाले.

मी हलले नाही.

"काय झालं वं पोरी?" ठोंबरेकाका म्हणाले. "इंग्रजीत सांग वाटल्यास. साहेब आहेत, ते सांगतीन आम्हाले."

लोक पुन्हा हसले. ते हसू ओसरायची मी वाट पाहिली. एवढी माणसं माझ्याकडे बघत आहेत अशी ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. मी झाडाला आणखी टेकले. मग मी बोलले. फार नाही बोलले. पण शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले, आणि तो आवाज माझा आहे हे मला बोलून झाल्यावर कळलं.

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं, आमच्या लाइनीकडे, वरच्या लाइनीकडे, शिंदेसाहेबांच्या बुटांकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, धार दगडाच्या बाजूला करून, आणि ते त्या कडक इस्त्रीच्या पँटीसकट मुरुमात मांडी घालून बसले. बाबा असे लोकांसमोर जमिनीवर बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांच्या शेजारी ठोंबरेकाका बसले, मग एकेक करून सगळे. शिंदेसाहेब एका दगडावर रुमाल पसरून बसले. मीही बुंध्यापासून सरकून बाबांजवळ येऊन बसले.

टेकडीवर इतकी शांतता मी माणसांच्या सोबतीने कधी ऐकली नाही. खालून सायकलची घंटी आली, मग तीही गेली. वेडे राघू नाल्यावर बोलत होते. बराच वेळ काही झालं नाही, आणि मला वाटलं, तो येणार नाही, आणि मग मी काय करणार. मग पिंपळातून ती बारीक शीळ आली. तो फडफडत, तरंगत, फडफडत आला, आमच्या डोक्यांवरून, आणि बुंध्याला लटकला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. त्याने मान हलवली, गळ्यातून एक लालसर फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि तिला दिलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अबे, देऊन राहिला," ठोंबरेकाका कुजबुजले. ते कुजबुजू शकतात हे मला माहीत नव्हतं. आणखी फळं निघत राहिली. "किती भरून आणलं बे यानं," ते पुन्हा कुजबुजले, आणि बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. तो हात मी पाहिला. तो तिथेच राहिला, नर उडून जाईपर्यंत.

त्या वर्षी आमच्या होळीला मधलं लाकूड नव्हतं. बाबा दुपारी फळबाजारात जाऊन संत्र्याच्या फुटक्या पेट्या हातगाडीवर लादून घेऊन आले, आणि मधोमध पेट्यांचा मनोरा रचला. वर मोठ्या आईच्या चाकोल्यांच्या माळा. होळी बुटकी झाली. पलीकडच्या कॉलनीतली पोरं येऊन पाहून गेली आणि जाताना हसत गेली. पण पेटली तेव्हा पेट्यांत उरलेल्या संत्र्याच्या सालींच्या वासाने मैदान भरून गेलं, आणि बाबांनी ती अशा थाटात पेटवली की जणू तिचं टोक टेकडीच्या वर गेलं होतं. प्रदक्षिणा घालताना त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "टाक तू." नारळ टाकायचा तो मान असलेल्या माणसानेच. मी टाकला.

पुढे महिनाभर तरी सकाळी त्या वळणावर आलं की लोक आपोआप आवाज खाली आणत. ठोंबरेकाका तर ओठांवर बोट ठेवून नवख्या माणसांना थांबवत आणि फट दाखवत, जणू ढोली त्यांनीच खणली होती. पिल्लं बाहेर पडली तेव्हा ती पाहायला आमच्या लाइनीतून बायकाही आल्या होत्या, आणि मोठी आई पहिल्यांदा टेकडी चढली, वाटेत तीनदा बसत. पावसाळ्यात मोईला पालवी आली, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हात करून दाखवत.

बाबा गेले तोपर्यंत ही गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली असेल, मोजता येणार नाही. दरवेळी ती मोठी होत गेली. त्यांच्या गोष्टीत मी साहेबांसमोर पक्ष्याचं शास्त्रीय नाव सांगून इंग्रजीत भाषण केलं आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ठोंबरेकाका सांगत की मी म्हटलं, आधी माझ्यावर कुऱ्हाड चालवा. माझ्या भाचीने तर माझ्या तोंडी पर्यावरणावर एक पूर्ण निबंध घातला आहे आणि तो शाळेत वाचून दाखवला आहे. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही, कारण बाबा सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. पण आता खरं ऐकून दुखावेल असं कुणी उरलं नाही, म्हणून जे होतं ते लिहून ठेवते. इंग्रजी त्यात एक शब्दही नव्हता. जी भाषा मी मोठ्या आईच्या शेगडीशेजारी ऐकत आले आणि तोवर कधी चारचौघांत वापरली नव्हती, त्या भाषेत मी म्हटलं:

"बाबा, कुऱ्हाड ठेवा खाली. हे झाड मेलं नाही. आतमध्ये बाळंतीण बसून राहिली, तिले उडता येत नाही. तिचा नवरा तिकडं पिंपळावर घास घेऊन कवाचा बसला आहे, तुम्ही बोलून राहिले म्हणून येऊन नाही राहिला. बसा न सगळे खाली, अन् जरा चूप राहा."